मडगार्ड कुणासाठी?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी आमच्याकडे 'सेकंड लँग्वेज' होती आणि मधल्या सुट्टीत कुणी मराठी बोलताना सापडलं की पाच रुपये दंड! त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागासाठी मी लेख देणार हे कळल्यावर रूममेट्स पोट धरधरून हसल्या. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. पण हा विषय इंग्रजीत लिहिला असता तर ज्यांनी वाचायला हवा त्यातल्या निम्म्यांनी पान उलटलं असतं. आणि विषय आपल्या सगळ्यांचा आहे. वर्कशॉपच्या मागे, बाभळीखाली उभी असलेली ती पिकअप!

ती गाडी माहीत नसलेला माणूस या कॉलेजात सापडणार नाही. निम्म्या हॉस्टेलचे फोटो तिच्या हौद्यात बसून काढलेले आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियर लोक ती 'लढाईतली गाडी' म्हणून सांगतात. तसं काही नाही. ती महिंद्राची एफसी आहे. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. इंजिनच्या मागे बसण्याऐवजी ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांच्या वर बसतो, म्हणून तिला नाक नाही, चपटं तोंड आहे. मूळ डिझाइन अमेरिकेतल्या विलिज कंपनीचं, ब्रुक्स स्टीव्हन्स नावाच्या डिझायनरचं. १९५६च्या अखेरीस ती तिकडे आली. महिंद्राने १९४७ पासून आपल्याकडे विलिजच्या जीप जोडायला सुरुवात केली होती, आणि १९६०च्या दशकात ही चपट्या तोंडाची बहीणही इथे बनू लागली. आपल्या गाडीच्या आरसी बुकावर १९७१ साल आहे आणि नंबर जुना, तीन अक्षरी. म्हणजे एमएच-२३ वगैरे भानगड सुरू होण्याच्या कितीतरी आधीची. केजकडच्या एका गोठ्यात तिच्यावर कडबा रचलेला होता. आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने ती कॉलेजला आणून दिली.

गेली दोन वर्षं मेकॅनिकलची मुलं-मुली तिच्यावर काम करताहेत. (मुली म्हणजे आम्ही चौघी. वर्गात आमची हजेरी घ्यायला सरांना वर बघावंही लागत नाही.) इंजिन चालू झालं, ब्रेक झाले, वायरिंग झालं. आणि आता भांडण लागलंय ते मागच्या चाकांवरच्या मडगार्डवरून. भांडण म्हणजे अगदी अबोला धरण्यापर्यंत! बाहेरच्यांना हसू येईल. "मडगार्डवरून काय भांडायचं?" असं आमच्या मेसच्या मावशींनीही विचारलं. त्यांना जे उत्तर दिलं तेच सविस्तर लिहिते.

आधी डबल चाकं का, ते सांगते. उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल होतात हे बीड जिल्ह्यातल्या हॉस्टेलवाल्यांना समजावून सांगायची गरज नाही. टँकर आला की बादल्या घेऊन पळायचं हे आपण सगळ्यांनी केलंय, आणि मुलींचं हॉस्टेल रस्त्याच्या शेवटच्या टोकाला असल्यामुळे आमच्यापर्यंत तळ गाठलेला टँकर येतो, हेही सर्वज्ञात आहे. कॉलेजच्या मागच्या रानात विहीर आहे. तिथून हॉस्टेलपर्यंत, कॅम्पसच्या आतल्या आत, या पिकअपने पाणी आणायचं अशी कल्पना निघाली. कल्पना चांगली आहे. मी तिच्या बाजूची आहे. पण हजार लिटरची टाकी म्हणजे सरळ एक टन वजन, आणि रस्ता म्हणजे मुरूम आणि खडी. म्हणून मागे दोन्ही बाजूंना जोडीने चाकं लावायचं ठरलं. हबवर जाड रिंग, लांब स्टड, आणि बाहेरून दुसरं चाक. रिंग काढली की गाडी परत चारचाकी.

(इथे सरांनी एक गोष्ट वेळीच सांगितली ती बरी झाली. चाकं वाढवली म्हणजे फक्त टायरवरचा भार वाटला जातो. पाटे तेच, ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, उलट बाहेर सरकलेल्या चाकामुळे बेअरिंगवर ताण जास्तच. म्हणून टाकी ७५० लिटरची ठरली.)

डबल चाकं ही काही आमचीच अक्कल नाही. एफसीच्या अमेरिकेतल्या थोरल्या बहिणीला, एफसी-१७०ला, खुद्द कंपनीनेच मागे डबल चाकांचं मॉडेल काढलं होतं. आपल्याकडच्या रस्त्यावर तर टाटाची ४०७, जी १९८६ मध्ये आली, ती सहा चाकांची म्हणूनच ओळखली जाते. पण ४०७च्या मागच्या चाकांवर तुम्ही कधी फुगीर मडगार्ड बघितलंय? नसतं. कारण तिचा हौदा रुंद आणि उंच, दोन्ही चाकं त्याच्या खाली झाकली जातात. ट्रकचंही तेच. मागे रबराचा फ्लॅप लोंबकळत सोडला की काम झालं. पिकअपची गोष्ट वेगळी. तिचा हौदा अरुंद. आतलं चाक हौद्याखाली राहतं आणि बाहेरचं सरळ साधारण नऊ इंच उघड्यावर येतं, कान बाहेर आल्यासारखं. त्याच्यावर पत्र्याची कमान घालावीच लागते.

आता भांडण. आमच्याकडे दोन ड्रॉइंग आहेत.

पहिलं ड्रॉइंग आमच्या सीनियर मंडळींचं. ते दिसायला एकदम भारी आहे, हे मी मान्य करते. फायबरची फुगवलेली, उंच कमान, खालून अर्धी उघडी, म्हणजे आतली पॉलिश केलेली डिस्क दिसली पाहिजे. कमान वर चढवायची म्हणून हौद्याच्या बाजूच्या पत्र्यातला चाकाचा गोल आणखी चार इंच वर कापायचा. मागचा फ्लॅप नाही. कारण फ्लॅपने 'लाइन बिघडते'. गॅदरिंगच्या आधी गाडी तयार झाली पाहिजे आणि फोटोत चांगली आली पाहिजे, एवढा साधा हिशेब.

दुसरं ड्रॉइंग मी आणि आमच्या बॅचच्या तिघांनी मिळून काढलं. त्याला मित्रांनी 'बैलाची झूल' असं नाव ठेवलंय. पत्र्याची कमान, पुढून टायरच्या मध्यापर्यंत आणि मागून त्याच्याही खाली उतरलेली, दोन्ही टायर रुंदीत झाकणारी, आणि मागे रबराचा फ्लॅप. हौदा कापायचा नाही. दिसायला ती खरोखरच झुलीसारखी आहे.

माझा हट्ट का, ते सांगायला मला सहा-सात वर्षं मागे जावं लागेल.

मी आठवीत होते. दिवाळीची सुट्टी संपून मामा मला मोटरसायकलवर बीडला सोडायला निघाला होता. केजकडून येताना, नेकनूरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली होती. आमच्या पुढे एक पिकअप होती. मागे डबल चाकं, मडगार्ड नाही, फ्लॅप नाही, फाळक्यावर मात्र सुंदर मोर काढलेला. मी मामाच्या खांद्यावरून तो मोरच बघत होते. म्हणून मला दगड दिसला नाही. फक्त आवाज आला, नारळ फुटल्यासारखा, आणि गाडी डावीकडे गेली. मामाने ती कशी थांबवली ते त्यालाच माहीत. आम्ही पडलोही नाही. त्याने हात डोळ्यावर धरला होता आणि मला म्हणत होता, "तुला लागलं नाही ना? तुला लागलं नाही ना?"

हेल्मेट नव्हतं. ते असायला हवं होतं, ही चूक आमचीच. बीडला दाखवलं, तिथून तेव्हाच्या औरंगाबादला नेलं. डोळा राहिला, दृष्टी गेली. मामा टेलर आहे. आता सुईत दोरा मामी ओवून देते आणि काळ्या कापडावर काळं काम तो घेत नाही. पिकअपवाल्याला काही कळलंही नसेल. तो वेगाने गेला नव्हता, दारू प्यायला नव्हता, त्याने काही केलंच नव्हतं. त्याच्या दोन टायरांच्या मध्ये एक दगड अडकला होता, एवढंच.

डबल चाकांची ही खास खोड आहे. एकट्या टायरमध्ये दगड नक्षीत अडकतो, तो छोटा असतो. दोन टायरांच्या फटीत मुठीएवढा दगड बसू शकतो. जुने ड्रायव्हर-क्लीनर खडीच्या रस्त्यावरून डांबरीवर आले की गाडी थांबवून टॉमीने टायर ठोकून बघतात, फटीत हात घालून बघतात, ते उगीच नाही.

मेकॅनिक्स शिकायला लागल्यावर मी हे गणित वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. गाडी ताशी ६० किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. सोळा इंची रिमच्या टायरची त्रिज्या साधारण ३९ सेंटिमीटर धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. टायरच्या कडेला अडकलेल्या दगडाला बाहेर फेकणारा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सत्तर पटींहून जास्त निघतो. शंभर ग्रॅमचा दगड सात किलोच्या जोराने सुटायला बघतोय! रबराची पकड जिथे ढिली होईल तिथे तो सुटणार.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त विचित्र वाटली. आपल्याला वाटतं, दगड 'मागे उडाला'. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने बघितलं तर तो मागे जातच नाही. चाक पुढे लोळतंय, त्यामुळे चाकाच्या कुठल्याही बिंदूचा वेग जमिनीच्या तुलनेत मागच्या दिशेने कधीच नसतो. अगदी तळाशी तो शून्य, वरच्या टोकाला गाडीच्या दुप्पट. दगड सुटतो तो वर आणि थोडा पुढेच. मागचा माणूस आपल्याच वेगाने जाऊन त्याच्यावर आदळतो. मामाची मोटरसायकल त्या पिकअपच्या मागे त्याच वेगाने चालली होती, म्हणजे दगड त्याच्या डोळ्यावर थेट गाडीच्याच वेगाच्या हिशेबात आला. वाऱ्याचा विरोध वजा करा, फार फरक पडत नाही.

सीनियर म्हणतात, आपली गाडी कुठे साठने चालणार आहे, कॅम्पसमध्ये वीसने चालेल. ठीक आहे, वीसचं गणित करू. सेकंदाला साडेपाच मीटर. चाकाच्या मागच्या बाजूने सरळ वर सुटलेला दगड जिथून सुटला तिथून दीड मीटर वर चढतो. मध्यावरून सुटला तर जमिनीपासून जवळजवळ दोन मीटर. सायकलवर बसलेल्याचं, स्कूटीवर बसलेल्या मॅडमचं डोकं कुठे येतं? आणि विहिरीच्या त्या रस्त्यावर गाडीच्या मागे कोण असतं? स्टाफ क्वार्टर्सची मुलं पाण्याच्या गाडीमागे सायकली पळवतात, हे आपण रोज बघतो. पाण्याच्या गाडीमागे पळायची मजा मीही घेतलेली आहे.

आता 'झुली'ची गोष्ट. ती आम्ही चौघांनी डोक्याने काढली, आणि पहिली साफ चुकीची काढली. हे सांगायला हवं.

बीडच्या बाहेर रस्त्याला एक पत्राकाम करणारे चाचा आहेत. नाव छापू नको म्हणाले, म्हणून नुसते चाचा. उसाचा हंगाम तोंडावर आला की त्यांच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागते. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसं जातात, त्याच्या आधी ट्रॉलीचे फाळके, हुक, बैलगाड्यांचे टायरचे आस, सगळं त्यांच्या वेल्डिंगखालून जातं. आम्ही मोठ्या ऐटीत ड्रॉइंग पसरलं. टायरच्या वर तीन इंच जागा सोडून कमान. चाचांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "ये नाप खाली गाडी का है की भरेली का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. रिकाम्या गाडीचं होतं.

"पहिले लोड डालो, फिर नाप लेके आओ."

मग आम्ही हौद्यात सिमेंटच्या गोण्या भरल्या. पन्नास किलोच्या पंधरा गोण्या म्हणजे बरोबर ७५० लिटर पाण्याचं वजन. पाटे दबले आणि आमच्या तीन इंचांतली फक्त एक-दीड बोटं उरली. म्हणजे आमची कमान पहिल्याच खड्ड्यात टायरला चाटली असती. पण चाचा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी एका बाजूच्या चाकाखाली लाकडी ठोकळे घातले. गाडी तिरक्या खड्ड्यात गेल्यावर ॲक्सल तिरका होतो, टायरचा माथा आत किंवा बाहेर कलतो. म्हणजे जागा फक्त वर सोडून भागत नाही, दोन्ही बाजूंनाही सोडावी लागते. आमच्या ड्रॉइंगमध्ये हे नव्हतंच. सॉफ्टवेअरमध्ये टायर गोल होता, गाडी सपाट जमिनीवर होती आणि जमीन अनंत होती!

पुढची युक्ती मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही. पुठ्ठ्याची कमान करून आत चिकणमातीचे लिंबाएवढे गोळे ओळीने चिकटवायचे. मग गाडी भरून, ठोकळ्यावर चढवून, उतरवून, हळू मागेपुढे करायची. जिथला गोळा चपटा झाला तिथे टायर किती जवळ आला ते पट्टीने मोजता येतं. आम्ही तीन संध्याकाळी हेच केलं. पुठ्ठे मेसमधल्या तेलाच्या खोक्यांचे, माती विहिरीजवळची.

आणि त्या मातीने सीनियर मंडळींचा एक मुद्दा खरा ठरवला. तोही लिहिते, नाहीतर लोक म्हणतील बाई एकतर्फी लिहिते. जुनी एकेरी चाकं हौद्याच्या पत्र्याच्या आत होती. डबल चाकांच्या जोडीत तो पत्रा नेमका दोन टायरांच्या बेचक्यात येतो. एक बाजू पूर्ण उचलल्यावर हौद्याच्या कापलेल्या गोलाची कड आतल्या टायरच्या खांद्याला टेकली. गोळा पापडासारखा झाला. "बघ, म्हणून आम्ही सांगत होतो, गोल वर कापावा लागतो," असं त्यांनी ऐकवलं. बरोबर होतं. फक्त उपाय तो एकटाच नव्हता. चाचांनी पाट्यांच्या वरचा रबराचा ठोकळा, ज्याला दबलेले पाटे शेवटी टेकतात, तो एक इंच जाड बसवायला सांगितला. म्हणजे ॲक्सल तेवढा वर येणारच नाही. गाडी थोडी दणके देईल. पाण्याला दणक्याचं काय?

बाकीचं भराभर सांगते. पत्रा १८ गेजचा. कड कापून तशीच सोडायची नाही, आत तार घालून मुडपायची, त्याने पत्रा ताठ होतो आणि कुणाची पोटरी कापत नाही. आतून दोन लोखंडी पट्ट्या थेट चासीपासून आणलेल्या, नुसता हौद्याच्या पातळ पत्र्यावर भार टाकला तर वर्षभरात बोल्टाभोवती चिरा जातात. बोल्टसाठी नवीन भोकं पाडायची नाहीत, हौद्याला दोर बांधायचे जुने हुक होते त्यांची सहा भोकं आहेत, तीच वापरायची, मध्ये रबराचे तुकडे. मागचा फ्लॅप जुन्या ट्रक टायरच्या रबराचा.

हौदा न कापण्यावर माझा जोर का? इथे थोडं कायद्याचं बोलते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असलेली, जिच्या चासीत, बॉडीत वा इंजिनमध्ये मोठे बदल झालेले नाहीत, तिला वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार. आपली गाडी वयाने पात्र आहे. आज ना उद्या कॉलेज तिची तशी नोंदणी करू शकतं. हौद्यातून चार इंच पत्रा कापून टाकला की 'मूळ रूप' कुठल्या तोंडाने म्हणणार? रिंग आणि झूल सहा बोल्ट काढून उतरवता येते. कापलेला पत्रा परत येत नाही. आणि हेही स्पष्ट लिहिते की त्या नोंदणीवर गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच चालवता येते. म्हणून पाण्याच्या फेऱ्या कॅम्पसच्या कुंपणाच्या आतच.

सहा चाकांवर ती गेटबाहेर काढून 'एक राउंड' मारायची ज्यांना खुमखुमी आहे त्यांच्यासाठी: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने जशी गाडी दिली तिच्याशी विसंगत बदल करता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्हीही. मालक म्हणजे कॉलेज. प्रिन्सिपल सरांना आरटीओच्या दारात उभं करायचं असेल तर खुशाल राउंड मारा.

सीनियर मंडळींचे आणखी दोन आक्षेप आहेत. एक, पत्रा फायबरपेक्षा जड. आहे. दोन्ही बाजूंचा मिळून फरक एका सिमेंटच्या गोणीहून कमीच भरेल, तेवढं पाणी कमी न्या. दुसरा, गॅदरिंगच्या आत होणार नाही. खरंय, बहुतेक होणार नाही. माझं म्हणणं एवढंच की मग गॅदरिंगला गाडी एकेरी चाकांवर उभी करा. तशीही ती सुंदर दिसते. फोटो तिचाच काढा. पण डबल चाकं लावलेली, मडगार्ड नसलेली गाडी विहिरीच्या रस्त्यावर एक फेरीसुद्धा जाता कामा नये. "चार दिवस चालवू, मग बसवू" असं परवा कुणीतरी म्हणालं. ते चार दिवस कधी संपतात हे आपल्याला माहीत आहे. हॉस्टेलच्या जिन्यातला दिवा 'चार दिवसांसाठी' गेलेला आहे.

एक गोष्ट मला स्वतःलाही या वादात नवीन कळली. अमेरिकन पुस्तकात या भागाला 'फेंडर' म्हणतात आणि आमच्या ड्रॉइंगवर मी तेच लिहिलं होतं. चाचा 'मडगार्ड' म्हणतात, मामाही 'मडगार्ड' म्हणतो. मी विचार करत बसले, गार्ड कुणाचं? गाडीला आरसे असतात ते चालवणाऱ्यासाठी, सीट बसणाऱ्यासाठी, हौदा मालासाठी. चालवणाऱ्याला तर मागच्या चाकावरची कमान दिसतसुद्धा नाही. ती नसली तर त्याचं काहीच अडत नाही, म्हणूनच ती सगळ्यात आधी निखळते आणि परत बसवली जात नाही. नेकनूरजवळच्या त्या पिकअपलाही कधीतरी असेलच. मोर रंगवायला पैसे होते, म्हणजे पैशांचा प्रश्न नव्हता.

मामाला मी हे सगळं सांगितलं, पुठ्ठ्याचा फोटोही दाखवला. त्याने तो फोन लांब धरून, मान थोडी वळवून बघितला आणि म्हणाला, "कड मुडपलीस का? कापडाला पण तसंच असतं, नाहीतर दोरे निघतात." चाचांनी सांगितलेलं तारेचं काम त्याला एका नजरेत कळलं.

सध्याची स्थिती अशी. डाव्या बाजूचा पुठ्ठा पक्का झाला आहे, उजवीकडचा बाकी आहे. दोन्ही बाजू सारख्या नाहीत हेही मातीनेच सांगितलं, उजवीकडचे पाटे जास्त थकलेले आहेत. येत्या रविवारी सकाळी वर्कशॉपमागे गोण्या भरून शेवटची चाचणी आहे. पंधरा गोण्या चढवायला आणि उतरवायला माणसं हवीत. सीनियर मंडळींनी मोजपट्टी घेऊन यावं आणि चूक दाखवावी, मी बदलेन. सिव्हिलवाल्यांनी गोण्या उसन्या दिल्या आहेत, त्या भिजू द्यायच्या नाहीत, अशी त्यांची अट आहे. फ्लॅपसाठी जुना ट्रक टायर कुणाच्या घरी पडला असेल तर सांगावं. आणि येताना चिकणमाती कुणी आणली तर बरं होईल, विहिरीजवळची आम्ही संपवली.